‘चांदोबा’तील वेताळ

2019 सालच्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेस महापूर आला, त्या वेळी शिरोळ तालुक्यातील पुष्कळ घरांत पाणी शिरले. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने घर सोडताना मुलेबाळे, जनावरे आणि धान्य यांची जी सोय लावावयाची ती लावली. आणि त्या धांदलीतही घरच्या आजोबांनी पोटमाळ्यावरचा ‘चांदोबा’च्या जुन्या अंकांचा गठ्ठा धोतरात बांधून बरोबर घेतला. तो गठ्ठा अलीकडे शिरोळास आमच्या हाती आला. सहज चाळावयास घेतला, तो प्रत्येक अंकात आमची बोटे एकाच जागी थांबू लागली. ती जागा म्हणजे वेताळाची गोष्ट! ज्या चित्रास आम्ही लहानपणी भीत होतो आणि ज्याच्याकरिताच पुढल्या अंकाची वाट पाहत होतो, त्याचे आकर्षण अजून का ओसरले नाही, याचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

मद्रासेत 1947 साली बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळ भाषांत जे मुलांचे मासिक काढले, त्याची मराठी आवृत्ती म्हणजे ‘चांदोबा’. वेताळकथेच्या माथ्यावर येणारे चित्र शंकर या नावाने सर्वश्रुत असलेल्या के. सी. शिवशंकरन यांचे. रात्रीचे स्मशान, राजाच्या हाती उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत! हे चित्रकार 2020 साली वृद्धापकाळी निवर्तले. परंतु त्यांचा तो राजा आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून हललेला नाही.

भीतीच्या चित्रकथांवर जगात एके काळी मोठेच वादळ उठले होते. अमेरिकेत 1950 च्या सुमारास ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ यांसारखी चित्रमासिके निघाली आणि त्यांतील कबरीतून उठणाऱ्या प्रेतांवर तेथील मुले अक्षरशः तुटून पडली. 1954 साली फ्रेडरिक वर्थॅम या मानसवैद्याने अशा वाचनाने मुले बिघडतात असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला, सेनेटच्या समितीपुढे चौकशी झाली, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. चालती प्रेते तीत निषिद्ध ठरली. इंग्लंडने 1955 साली, तर आपल्या संसदेने 1956 साली मुलांस घातक अशा चित्रमय प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्या अमेरिकन नियमावलीच्या चाळणीतून आमचा विक्रमराजा व त्याच्या खांद्यावरील ते बोलके प्रेत खचितच सुटले नसते! आपल्याकडे मात्र तेच प्रेत दरमहा टपालाने घरात येई, आणि वडील माणसे ते मुलांच्या हाती निःशंकपणे देत.

ही निःशंकता योग्य होती काय? प्रश्न वाटतो तितका हलका नाही. शिरोळच्या मुलास भूत हे पुस्तकात प्रथम भेटत नाही. नरसोबाची वाडी येथून जवळच. अंगात वारे येणाऱ्या माणसांस दत्ताच्या पायांशी आणण्याची रूढी त्याच्या कानांवर आलेली असते. महाराष्ट्रात 2013 साली नरबळी व इतर अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. अशा प्रांतात मुलांस वेताळ वाचावयास देणे म्हणजे अंधश्रद्धेस खतपाणी घालणे होय, असा आक्षेप एखाद्या विचारी पालकाने घेतला, तर त्यास हसून वाटेला लावता येणार नाही.

तथापि गोष्ट नीट वाचली म्हणजे आक्षेपाची धार बरीच बोथट होते. राजा वेताळास नवस करीत नाही, त्याच्यापुढे नारळ फोडीत नाही, अंगारा मागत नाही. तो झाडावरून प्रेत उतरवितो, खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. वेताळ त्यास कथा सांगून पेच घालतो: अमक्याचे वागणे न्यायाचे की तमक्याचे? उत्तर ठाऊक असून न सांगशील तर मस्तक फुटेल! आणि राजा विचार करून उत्तर देतो. भुताच्या तोंडून आलेला प्रश्न येथे बुद्धीने सोडविला जातो. मूलही राजाच्या आधी उत्तर काढू पाहते आणि त्या नादात भीती कोठल्या कोठे जाते. भीती दाराशी उभी करून मुलास न्यायाच्या विचारात ओढून नेणे, ही या कथांची खरी मोहिनी आहे. अमेरिकन चित्रमासिकांत पापी मनुष्यास प्रेत येऊन शासन करते. तेथे वाचकाने शहारावयाचे तेवढे उरते. येथे त्यास न्यायाधीश व्हावे लागते.

आता ‘चांदोबा’चा दोषही सांगितला पाहिजे. मूळ कथा अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणली. त्या मूळ कथेस शेवट आहे. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर राजास खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो. आणि त्या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्यास सावध करतो. रोज फळात रत्न घालून आणून देणारा आणि साधनेसाठी प्रेत मागणारा तो भिक्षू राजाचाच बळी देणार असतो! ‘साष्टांग नमस्कार कसा घालावा ते आधी तूच दाखव,’ असे राजाने म्हणावे, ही युक्तीही वेताळाचीच. भिक्षू वाकतो आणि राजा त्याचा शिरच्छेद करतो. भयंकर कोण होता, हे तेव्हा कळते: स्मशानातील भूत नव्हे, दरबारात येऊन आशीर्वाद देणारा साधू!

‘चांदोबा’स हा शेवट परवडणारा नव्हता. पंचवीस कथा केव्हाच संपल्या. चौकट तीच ठेवून नव्या कथा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या. आमच्या पाहण्यात आलेल्या सर्व अंकांत राजास उत्तर येतेच, मौन मोडतेच आणि वेताळ झाडाकडे परततोच. आमच्यासारखी सहस्रावधी मुले वेताळास भ्याली, आणि त्या भिक्षूचे खरे रूप न कळताच मोठी झाली. पुढे, या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मासिकच बंद पडले.

यास्तव जुन्या अंकांचा संग्रह करणाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. हे अंक मुलांस अवश्य द्यावेत. ती भितील तेवढी भिऊ द्यावीत. मात्र शेवटली गोष्ट घरातल्या कोणीतरी तोंडाने सांगावी. वरील आजोबांस आम्ही ती सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ स्वस्थ बसले. ‘साठ वर्षे मी वेताळालाच वाईट समजत आलो,’ ते म्हणाले. आणि नातवास हाक मारून त्यांनी ती आमच्याकडून पुन्हा पहिल्यापासून सांगून घेतली.