मोदिस्तांचे व्याकरण : वारसा आणि मर्यादा

नोम चॉम्स्की यांनी १९६६ साली ‘कार्टेशियन लिंग्विस्टिक्स’ या ग्रंथात वैश्विक व्याकरणाची वंशावळ देकार्त आणि १६६० चे पोर-रॉयल व्याकरण यांच्यापर्यंत नेली. ती तेथेच थांबावी, हे पटण्यासारखे नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस विद्यापीठातील ‘मोदिस्त’ पंडितांनी हाच प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने उपस्थित केला होता.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : वस्तूचे अस्तित्वप्रकार बुद्धीच्या आकलनप्रकारांत उतरतात आणि शब्दाच्या अर्थनप्रकारांतून व्यक्त होतात. डेन्मार्कच्या बोएथियसने दिलेले उदाहरण मार्मिक आहे. वेदना ही एकच गोष्ट लॅटिनमध्ये नाम, क्रियापद, धातुसाधित, क्रियाविशेषण आणि उद्गार अशा पाच रूपांनी सांगता येते. तेव्हा शब्दजाती वस्तूवरून ठरत नाही. वस्तू कोणत्या प्रकारे मांडली यावरून ठरते. नाम तिला स्थिर म्हणून दाखविते, क्रियापद प्रवाही म्हणून. ‘क्रिया दाखविणारा शब्द तो क्रियापद’ ही शालेय व्याख्या ‘धाव’ या नामापाशी अडखळते. मोदिस्तांची अडखळत नाही. प्रत्येक पदबंधात एक पद सापेक्ष व दुसरे त्याची अपेक्षा पूर्ण करणारे, हा त्यांचा वाक्यविचारही आजच्या अवलंबन-व्याकरणाच्या जवळचा आहे.

तथापि या गौरवाला मर्यादा घालणे अवश्य आहे. व्याकरण तत्त्वतः सर्व भाषांत एकच, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुरावा मात्र एकट्या लॅटिनचा. प्रिशियनकडून आलेल्या आठ शब्दजाती त्यांनी तपासल्या नाहीत, त्यांना केवळ तात्त्विक अधिष्ठान दिले. क्रियापदाचे वचन व पुरुष कर्त्याकडून येतात, हे त्यांना पदार्थांच्या स्वरूपातूनच निष्पन्न होणारे वाटले. ‘मुलाने पोळ्या खाल्ल्या’ या साध्या वाक्यात क्रियापद कर्माला अनुसरते. एका भाषेचा स्वभाव त्यांनी बुद्धीचा स्वभाव मानला, हा त्यांच्या पद्धतीतील मूलभूत दोष होय.

चौदाव्या शतकात नाममात्रवाद्यांनी या संप्रदायावर आघात केला, पुढे मानवतावाद्यांनी त्याची उपेक्षा केली. एर्फुर्टच्या थॉमसचा प्रमुख ग्रंथ तर १९२२ मध्ये ग्राबमान यांनी कर्तृत्व निश्चित करीपर्यंत डन्स स्कोटसच्या नावावर होता. त्यामुळे मोदिस्तांपासून पोर-रॉयलपर्यंत अखंड परंपरा होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. व्याकरणाने रूपे नोंदवून न थांबता त्यांची कारणे सांगितली पाहिजेत, ही त्यांची अपेक्षा मात्र आजही भाषाशास्त्राला बांधून आहे. वैश्विकतेचा दावा करणाऱ्या आपल्या संशोधकांनी हा वारसा स्वीकारताना त्यातील दोषही ओळखून घ्यावा.