उलट क्रमाने

मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांना कुणी साहित्यात धरत नाही. भविष्यावरच्या पुस्तकांना अभिप्राय मिळतात, मग गिअरबॉक्सनंच काय घोडं मारलंय?

१९६६ साली इंग्लंडात जॉन हेन्स यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर आपलं पहिलं मॅन्युअल छापलं. आधी गाडी खरोखर खोलायची, परत जोडायची आणि मग लिहायचं, ही त्यांची रीत. कादंबरीचं परीक्षण लिहिणारे तिची पानं तरी फाडतात का? या पुस्तकांचा वाचकावर भारी विश्वास. ब्रेक, क्लच, इंजिन, सगळं तुम्हाला जमेल म्हणतात. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, की बहुतेकांचा आवाज खाली येतो : हे मात्र जाणकाराकडे न्या. अहो, जाणकार परवडत असता तर तुमचं पुस्तक कशाला घेतलं असतं?

पुढे याच प्रकाशनानं जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांवर निराळं पुस्तक काढलं. त्यात टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आहे. १९६९च्या मॉडेलांपासून आलेला, तीन गिअरांचा, अमेरिकेतल्या घरगुती कारागिरांचा लाडका. चांगली गोष्ट झाली.

माझं भांडण आहे ते या साऱ्या वाङ्मयाच्या एका आवडत्या सल्ल्याशी. काढलंत त्याच्या उलट क्रमाने बसवा, म्हणे! उकडीचा मोदक उलट क्रमाने मिटवून दाखवा पाहू. खोलताना व्हॉल्व्ह बॉडीखालच्या चार पोलादी गोळ्या घरंगळून जातील, पण बसवताना प्रत्येकीला तिचाच खळगा लागतो. त्या जागी धरून ठेवायला व्हॅसलीन हवं. ते तेलात विरघळतं. साधं ग्रीस बारीक वाटा तुंबवतं. नव्या क्लचपट्ट्या आधी तेलात भिजत घालायच्या, डाळीसारख्या. टॉर्क कन्व्हर्टर टप्प्याटप्प्यानं आत बसतो. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्ट आवळले, की पंप फुटलाच. यातलं काय खोलताना भेटलं होतं? अभिमन्यूलासुद्धा आत जायचा रस्ता ठाऊक होता. बाकी सगळं उलट क्रमाने, एवढंच त्याला कुणी सांगायचं राहिलं होतं.

दुसरा दोष मोठा. पट्ट्या कशा बदलायच्या हे पानोपानी. त्या जळल्या का, हे कोपऱ्यात. सील गेलं, दाब कमी पडला, पट्ट्या घसरल्या, जळल्या. त्यांचा चुरा तेलाबरोबर कूलरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतो. कूलर धुतला नाही, तर तोच चुरा नव्या गिअरबॉक्सात परत येतो. कन्व्हर्टर तर वेल्ड करून बंद केलेला. तो घरी उघडतच नाही. चुरा भरला असेल, तर दुसरा घ्यावा लागतो. काटकसर करणारा माणूस पहिली कात्री नेमकी इथंच लावतो, आणि तिथं त्याचा हात धरणारं वाक्य जाड ठशात हवं.

एरवी ही पुस्तकं मला प्रिय आहेत. गरिबाला तुझ्या हातून होईल म्हणणारी पुस्तकं जगात फार नाहीत. पण ज्याच्या खिशात हे एकदाच करण्यापुरते पैसे आहेत, त्याला ‘कसं’ सांगण्याआधी ‘का’ सांगावं. श्रीमंताला काय, तो दुसऱ्यांदा उलट क्रमाने खोलेल.