‘श्वास’ आणि सांगण्याचा प्रश्न

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) ह्या चित्रपटाची चर्चा बहुधा आजोबा व नातू ह्यांच्या जिव्हाळ्याच्या अंगाने होते. ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट, त्यामुळे त्याचे कौतुकही पुष्कळ झाले. तथापि त्याचा गाभा एका भाषिक कृतीत आहे. परशुरामाच्या दृष्टिपटलाला कर्करोग झाला आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी गमवावी लागणार. हे त्याला कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत सांगावयाचे, हाच खरा पेच होय.

ह्या पेचाची मांडणी करताना चित्रपटाने दोन गोष्टी अचूक टिपल्या आहेत. पहिली, निदान ऐकणे आणि ते उमजणे ह्या भिन्न क्रिया आहेत. डॉक्टरांचे बोलणे पचविण्यास आजोबांना अवधी लागतो, आणि रुग्णालयातील समाजसेविका आसावरी ह्या दोन भाषांमधील दुवा होते. दुसरी, उपचारामुळेच जे जाणार आहे, त्याचा विचार उपचारापूर्वी व्हावा लागतो. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला शहर दाखवीत हिंडतात, ते ह्याच जाणिवेने.

परंतु परशुराम बालक आहे. त्याच्यासाठी वडीलधाऱ्याने निर्णय घेणे स्वाभाविक ठरते. हाच नमुना मोठ्या वयाला लावला, की तो अपुरा पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने किशोर व तरुण रुग्णांचा गट १५ ते ३९ वर्षांचा मानला आहे. दिघीहून भोसरीच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाणारा एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा कल्पावा. कायद्याने तो १८ व्या वर्षीच सज्ञान झाला. संमतिपत्रावर सही त्याचीच. तरीही ‘ह्याला भूक लागते का?’ हा प्रश्न वडिलांना विचारला जाण्याचा संभव असतो. समोर बसलेला रुग्ण अशा वेळी व्याकरणातील तृतीय पुरुषात ढकलला जातो. रोगाचे नावही टळते. ‘गाठ’, ‘तो आजार’ अशा शब्दांवर निभावून नेले जाते. ही माया खरी असली, तरी तिची किंमत रुग्ण मोजतो. काही औषधोपचारांनी प्रजननक्षमता बाधित होऊ शकते. शुक्राणू जतन करावयाचे तर ते उपचार सुरू होण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर. आईवडिलांदेखत हा विषय निघणे कठीण, आणि तो वेळेवर न निघाला तर संधी हातची जाते. परीक्षा, नोकरी, विवाह ह्यांविषयीच्या शंकाही अशाच मनात कोंडून राहतात.

‘श्वास’मध्ये दृष्टीचे जे स्थान, तेच येथे भावी संसाराच्या शक्यतेचे. मात्र ही वाट आजोबांचा हात धरून चालता येणार नाही. येथे आसावरीने प्रथम रुग्णाशीच, एकान्तात व द्वितीय पुरुषात बोलावे लागेल, कुटुंबाशी त्यानंतर. हा दोष चित्रपटावर लादता येणार नाही, कारण आपल्या मर्यादेतील कार्य त्याने चोख केले आहे. पण कर्करोगातील मानसिक आधार म्हणजे वडीलधाऱ्यांची माया, एवढाच बोध त्यावरून घेतला जात असेल, तर समीक्षेने तो दुरुस्त करावयास हवा. रुग्णाला संभाषणातील पक्ष मानणे, हे त्या आधाराचे पहिले अंग आहे.