खरवडलेल्या रंगाखाली काय आहे? गेरहार्ड रिश्टरच्या ‘बिर्केनाऊ’विषयी

चित्रकारावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी त्याच्या कामाचे कालखंड पाडतो. गेरहार्ड रिश्टर (जन्म १९३२, ड्रेस्डेन) याच्या बाबतीत हे फार सोपं वाटतं. आधी फोटोंवरून केलेली राखाडी चित्रं, मग अमूर्त चित्रं. माझ्या मते ही विभागणी फसवी आहे.

१९६५ची दोन चित्रं बघा. एकात नाझी काळातल्या लष्करी गणवेशातला हसरा रूडीमामा. दुसऱ्यात तान्ह्या रिश्टरला घेतलेली मारियान मावशी. मामा युद्धात मेला. मावशी मनोरुग्ण ठरली आणि नाझींच्या ‘दयामरण’ मोहिमेची बळी झाली. घराच्या अल्बममध्ये मात्र दोघं शेजारी बसू शकतात! रिश्टरने ओल्या रंगावर कोरडा ब्रश फिरवून दोघांनाही सारखंच पुसट केलं.

आता २०१४ची ‘बिर्केनाऊ’ मालिका. ऑगस्ट १९४४मध्ये त्या छावणीतल्या कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून काढलेले चार फोटो आज उपलब्ध आहेत. रिश्टरने ते चार कॅनव्हासवर उतरवले, रंगवायला घेतले आणि मग लांब पट्टीने रंग ओढत, खरवडत पूर्ण झाकून टाकले. उरले काळे-राखाडी थर, मधूनच लाल आणि हिरवा. म्हणजे फोटो आणि अमूर्त हे दोन कालखंड नाहीत. इथे एकाच कॅनव्हासचे दोन थर आहेत.

पण इथेच माझी अडचण सुरू होते. नाव वाचलं नाही, तर या चित्रांत बिर्केनाऊ कुठे आहे? त्याच पट्टीने त्याने आधी कितीतरी देखणी चित्रं केली आहेत, आणि हीसुद्धा देखणीच आहेत. अशा विषयाला हे देखणेपण चालेल का? रिश्टरलाही हे जाणवलं असावं, कारण त्या चार फोटोंच्या प्रती चित्रांसोबतच लावल्या जातात. चित्र एकटं साक्ष देऊ शकत नाही, याची ही कबुलीच म्हणायची. मला ती प्रामाणिक वाटते, पण देखणेपणाचा आक्षेप तिने मिटत नाही.

तुम्ही अशा कामावर लिहाल तेव्हा वहीत दोन रकाने करा: कॅनव्हासवर प्रत्यक्ष काय दिसलं, आणि नाव किंवा भिंतीवरचा मजकूर वाचून काय कळलं. ‘सामूहिक स्मृती’ हा शब्द कोणत्या रकान्यात पडतो ते तपासा. माझ्या पहिल्या मसुद्यात तो सगळाच्या सगळा दुसऱ्यात पडला होता.