मायएसक्यूएल की पोस्टग्रेस? आधी 'वऱ्हाड' टाइप करून बघा

रिसर्चसाठी वेब डेटाबेस बनवायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : मायएसक्यूएल आणि पीएचपी घ्या, सगळे तेच वापरतात. सल्ला वाईट नाही, पण तो वेबसाइट बनवणाऱ्यांचा आहे, संशोधन करणाऱ्यांचा नाही. दुकानाच्या साइटवर ऑर्डर चुकली तर गिऱ्हाईक फोन करून ओरडतं. तुमच्या डेटाबेसमधली चुकलेली नोंद कुणालाच फोन करत नाही, ती गुपचूप ग्राफमध्ये जाऊन बसते. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना माझा पहिला प्रश्न वेगाचा नसतो. चुकीची नोंद दिली तर हे काय करतं, हा असतो.

समजा तुम्हाला हर्बेरियममधल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या नोंदी ऑनलाइन आणायच्या आहेत. उंचीच्या रकान्यात आकड्याऐवजी कुणीतरी 'अंदाजे ६००' असं लिहिलं. पोस्टग्रेस सरळ एरर देतं आणि नोंद घेत नाही. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर ते तिथे शून्य ठेवतं आणि फक्त वॉर्निंग देतं, जी कुणी वाचत नाही. शून्य मीटर म्हणजे समुद्रसपाटी! सह्याद्रीच्या कड्यावरचं झुडूप एका झटक्यात किनाऱ्यावर. २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपासून हा मोड मुळातच चालू असतो, त्यामुळे आज मायएसक्यूएलला यावरून झोडपणं अन्यायाचं आहे. पण विभागाच्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे आणि एखाद्या जुन्या प्रोग्रामसाठी तो मोड कुणी बंद करून ठेवलाय का, हे विचारायला लाजू नका.

एसक्यूलाइटचं वागणं आणखी मजेशीर. आकड्याच्या रकान्यात ते 'अंदाजे ६००' ही अक्षरं तशीच्या तशी ठेवतं. फॉरेन की तपासणंसुद्धा तुम्ही सांगितल्याशिवाय सहसा करत नाही, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या प्रजातीच्या नावावर नमुना नोंदवता येतो. २०२१ पासून टेबलला 'स्ट्रिक्ट' म्हणून जाहीर करायची सोय आहे, ती वापराच. एवढं असूनही मला एसक्यूलाइट आवडतं. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, सर्व्हर नको, परवान्याची भानगड नाही. डेटासेट जपून ठेवण्यासाठी अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस ज्या फॉरमॅटची शिफारस करते, त्यांत हा आहे. एका वेळी एकच जण लिहू शकतो, ही त्याची मर्यादा. नोंदी तुम्ही एकटेच भरणार असाल, तर ती तुमच्या वाट्याला येणारच नाही.

आता आपली कसोटी, जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. स्थळाच्या रकान्यात 'वऱ्हाड' लिहा. यातला ऱ्ह तीन प्रकारे टाइप होतो : ऱ हे एकच अक्षर घेऊन, र आणि खाली नुक्ता घेऊन, किंवा र्-नंतर न दिसणारा जोडक घेऊन. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. पोस्टग्रेस मात्र मुळात त्यांना तीन वेगळे शब्द मानतं. स्थळवार मोजणी केलीत तर वऱ्हाड तीनदा येईल आणि प्रत्येकापुढे अपुरा आकडा. पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हालाच नोंद घेताना बदलावा लागतो. गंमत म्हणजे मायएसक्यूएल ८ ची मूळ जुळवणी युनिकोडच्या तुलना-नियमांवर बेतलेली आणि बारीक खुणांकडे काणाडोळा करणारी आहे, म्हणून इथे तेच पुढे राहण्याची शक्यता जास्त. दोन्हींवर चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

फुकट मिळतंय म्हणून परवाना न वाचणं, ही दुसरी सवय सोडा. मोंगोडीबीने २०१८ मध्ये परवाना बदलला आणि ओपन सोर्सची मान्यताप्राप्त व्याख्या सोडली. रेडिसने २०२४ मध्ये तेच केलं, मग २०२५ मध्ये ओपन सोर्स परवाना पुन्हा जोडला. दोन्हीमागे एकेक कंपनी आहे. मायएसक्यूएलही २०१० पासून ओरॅकलकडे आहे, मात्र त्याआधीच त्याच्या मूळ निर्मात्याने मारियाडीबीची वेगळी वाट काढून ठेवली होती. बर्कलेच्या विद्यापीठात जन्मलेल्या पोस्टग्रेसचा असा एक मालक नाही. माझ्या लेखी हा मोठा गुण आहे.

वरचं वेब ॲप्लिकेशन कशात लिहायचं? यावर मी फार वाद घालणार नाही : जँगो. कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ते तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. घाईत असलेल्या माणसांसाठी बनवलंय, हे जाणवतं. टेबलांची रचना लिहून ती नोंदवलीत की लॉगिनसकट नोंदी भरायचे फॉर्म जवळजवळ आयते मिळतात. तुम्ही बॉटनीवाले आहात, फॉर्म रंगवत बसायला पीएचडीला आलेला नाहीत. वऱ्हाडची दुरुस्तीही याच फॉर्मच्या तपासणीत घाला.

तर अनेकजण नोंदी भरणार असतील तर पोस्टग्रेस आणि जँगो, एकटेच असाल तर एसक्यूलाइट आणि जँगो. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, म्हणजे साधारण एक पीएचडी. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीनच वर्षं मिळतात. एक अपग्रेड मध्येच येणार, ते आजच वेळापत्रकात लिहा आणि सिनॉप्सिसच्या सहा महिने आधी उरकून टाका.