‘कळप’ शब्दाची व्युत्पत्ति : एक शंका

‘कळप’ हा शब्द संस्कृत ‘कलाप’ शब्दापासून निघाला असें सर्रास सांगण्यांत येतें. ध्वनि जुळतो, ‘समूह’ हा अर्थहि जुळतो. मग पुढें कोणी विचारीत नाहीं. शब्दांवरून जातींचा व वसाहतींचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे पडली असल्यामुळें ही शंका क्षुल्लक समजूं नये.

दोन स्वरांमधील ‘प’ प्राकृतांत ‘व’ होतो व मराठींत तसाच उतरतो. हा नियम झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या ग्रंथांत आहे. त्याचें परांजपेकृत मराठी भाषांतरहि १९४१ मध्यें निघालें. दीप–दिवा, कपाट–कवाड, नापित–न्हावी; इतकेंच नव्हे तर कळप राखणारा जो गोपाल तोहि ‘गोवळ’ झाला. राखणाऱ्याचा ‘प’ गेला आणि कळपाचा तेवढा शाबूत राहिला, हें कसें? नियमाप्रमाणें ‘कलाव’ व त्यापुढें ‘कळाव’ असें कांहीं तरी व्हावयास पाहिजे होतें. शब्द मागाहून पंडितांच्या लेखणींतून उतरला म्हणावें, तर ‘ळ’ समजूं शकतो (कमल–कमळ), परंतु ‘ला’चा काना कोठें गेला? तेलुगूंतील ‘कलुपु’ (मिसळणें) पुढें करणारे याच वाटेनें चुकतात. तेंहि नुसतें सादृश्यच.

सादृश्याचा भरंवसा किती धरावा हें इंग्रजी ‘हर्ड’ शब्द शिकवितो. तोच शब्द गॉथिक भाषेंत ‘हेर्दा’ आहे आणि त्याचा भाऊबंद ऋग्वेदांत, मरुतांच्या गणास लाविलेला ‘शर्ध’. कानाला या दोहोंत काय साम्य वाटतें? परंतु शत–हंड्रेड, श्वन्–हाउंड यांत ‘श’समोर ‘ह’ आणि विधवा–विडो यांत ‘ध’समोर ‘ड’ नेमानें येतो. जर्मानिक भाषांतील या ध्वनिपरिवर्तनाचा नियम याकोब ग्रिम यानें १८२२ मध्यें मांडिला. तेथें नातें नियमानें सिद्ध होतें, चेहऱ्यावरून नव्हे. कै. राजवाड्यांनीं जमविलेल्या शब्दसामग्रीपुढें मान लवते. पण संस्कृत मूळ ठरविण्याची त्यांची घाई अनुयायांनीं उचलली, श्रम मात्र उचलले नाहींत.

‘कळप’ शब्दाचा निकाल कोशांत नव्हे, दप्तरांत लागेल. बालाघाटाच्या डोंगरपट्टींत गुरेंमेंढरें चारण्याचा धंदा जुना. तेथील नांदूरघाट, केज, आंबेजोगाई या बाजूचे मोडी कागद व पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं एवढें पहावें. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसला तरी काना लिहितात. चराईच्या किंवा गुरांच्या वादाच्या कागदांत ‘कळाप’ अथवा ‘कळाव’ असें रूप आढळल्यास मितीसह ती ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी. नक्कल करणाऱ्यानें ती शुद्ध करूं नये.