शिट्टी आणि शांतता

मार्व्हलचे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते थीम पार्कच्या जास्त जवळचे आहेत, असं मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘एम्पायर’ मासिकाला सांगितलं आणि चित्रपटरसिकांत सरळ दोन तट पडले. पुढच्याच महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांनी आपलं म्हणणं विस्ताराने मांडलं. या चित्रपटांत जोखीम नाही आणि त्यांनी पडदे अडवल्यामुळे वेगळ्या सिनेमाला जागा उरत नाही, हे त्यांचे दोन मुद्दे. पहिला कलेबद्दलचा, दुसरा बाजाराबद्दलचा. वादात दोन्हींची सरमिसळ झाली आणि प्रेक्षकाने कुठल्यातरी एका गोटात जाऊन बसावं, अशी अपेक्षा रूढ झाली. सुपरहिरोला शिट्टी मारणारा तो पोरकट, महोत्सवातला चित्रपट पाहणारा तो शिष्ट. एकच माणूस शुक्रवारी हा आणि रविवारी तो चित्रपट तितक्याच आवडीने पाहतो, याचा हिशेब या मांडणीत बसत नाही. अशा माणसाची रुची भोंगळ आहे असं समजायचं कारण नाही. हे दोन्ही चित्रपट त्याच्याकडे एकच गोष्ट मागतात, साठवून ठेवलेली एकाग्रता, आणि ती मागायची खरी जागा थिएटर हीच आहे.

दोन टोकांचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहू. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) १८१ मिनिटांचा आहे. शांताल आकेरमान यांचा ‘जान दिलमान’ (१९७५) २०१ मिनिटांचा आहे आणि २०२२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या कौलात तो सर्वश्रेष्ठ ठरला. एकात विश्वाचं भवितव्य पणाला लागलेलं, दुसऱ्यात ब्रसेल्समधली एक विधवा बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं आवरते. तरी दोन्हींची बांधणी तपासली तर एक गोष्ट समान निघते. ‘एंडगेम’मध्ये कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो तेव्हा प्रेक्षागृह दणाणून जातं, ते केवळ हातोड्यामुळे नव्हे. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये त्याच्या हातून तो जरासाच हलला होता आणि ते हलणं प्रेक्षकाने चार वर्षं लक्षात ठेवलेलं असतं. ‘जान दिलमान’मध्ये दुसऱ्या दिवशी बटाटे शिजून गळतात. एरवी कुणी लक्षही देणार नाही अशी ही बाब पडद्यावर संकटासारखी आदळते, कारण पहिल्या दिवसाची काटेकोर शिस्त आपण मिनिटामिनिटाने सोसलेली असते. मार्व्हलने अकरा वर्षांत आणि बावीस चित्रपटांत जे साठवलं, ते आकेरमान यांनी एका बैठकीत साठवलं. क्षुल्लक बदलाला वजन येतं ते प्रेक्षकाने आधी गुंतवलेल्या वेळामुळे.

मग दोन्ही चित्रपट सारख्याच तोलाचे का? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. साठवलेल्या लक्षाचं पुढे काय केलं, इथे दोघांच्या वाटा फुटतात. ‘एंडगेम’ प्रेक्षकाला हवं होतं तेच, हवं होतं त्याहून थाटात परत करतो. ‘जान दिलमान’ जे परत करतो ते आपण मागितलेलंच नसतं. खात्री देणारी कला आणि खात्री हिरावून घेणारी कला यांत दुसरी अधिक दूरवर पोचते, हे मान्य करायला हरकत नाही. पण पहिली त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. तिला तिच्या कसोटीवर घासावं लागतं: मारामारीत कोण कुठे उभा आहे हे कळतं का, संगणकाने रंगवलेल्या देहांना वजन आहे का, मरणाऱ्या पात्राचं मरण पुढच्या भागात पुसलं जाणार नाही ना. या कसोटीवर बरेच सुपरहिरोपट नापास होतात. तिकडे महोत्सवी चित्रपटांतही न हलणारा कॅमेरा आणि लांबलेलं मौन नुसत्या सवयीने येतं, तेव्हा त्यांना संथपणाची सूट देऊ नये.

जोखमीच्या मुद्द्यावर स्कॉर्सेसी यांच्या बाजूने भरपूर पुरावा आहे. क्लोई झाओ यांच्या ‘नोमॅडलँड’ने २०२० साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवला, पुढे ऑस्करही. त्यानंतर आलेल्या त्यांच्या ‘इटर्नल्स’ या मार्व्हलपटात (२०२१) खुल्या जागांतला नैसर्गिक प्रकाश तेवढा त्यांचा वाटला, गोष्ट कारखान्याची राहिली. २०२३ चा ‘द मार्व्हल्स’ तर या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. ठरावीक साच्याची हमी प्रेक्षकांनीच नाकारली. परंतु ‘फ्रूटव्हेल स्टेशन’मधून आलेल्या रायन कूगलर यांनी ‘ब्लॅक पँथर’मध्ये (२०१८) खलनायकाच्या तोंडी इतका खरा सवाल घातला की नायकालाच आपली भूमिका बदलावी लागली. जोखीम या प्रकाराबाहेरची नाही. निर्माते ती घेऊ देत नाहीत, हे दुखणं आहे.

शिवाय ही फाळणी आपल्याकडे मुळातली नाही. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) चमत्कार आहेत, वैकुंठाला जाणारं विमान आहे, म्हणजे त्या काळच्या तंत्राने साधता येईल तेवढा सगळा भव्य देखावा आहे. त्याच चित्रपटात जिजाईचा करवादलेला, घामट, रोकडा संसारही आहे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलाही गेला. गल्ला आणि गौरव यांना वेगवेगळी थिएटरं लागतात, हा समज पुढच्या काळातला आहे.

थिएटरचा मुद्दा म्हणूनच निर्णायक ठरतो. सुपरहिरोपट मोठ्या पडद्यावर पाहावा आणि छोट्या माणसांचा चित्रपट घरी पाहिला तरी चालेल, असं सर्रास म्हटलं जातं. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. स्फोट मोबाइलवरही स्फोटच दिसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे मालवले जातात आणि तो अंधार पडद्यावर बराच वेळ टिकतो. चित्रपट संपला की काय, अशी चुळबुळ सुरू होईल इतका वेळ. घरी अशा जागी हात रिमोटकडे जातो. प्रेक्षागृहात तो अंधार व्यवस्थेच्या बेफिकिरीचं रूप घेतो, कारण तिथून उठून जाता येत नाही आणि शेजारचेही त्यातच बसलेले असतात. शिट्टी जितकी सामुदायिक, तितकी शांतताही.

यावर थिएटरमालक म्हणतील की लोक येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? धंद्याचं गणित खोटं नाही. पण लोक येत नाहीत हे ठरवण्याआधी त्यांना येता येईल अशी वेळ तरी मिळायला हवी. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याची सक्ती जाहीर केली तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि ‘कोर्ट’ त्याच महिन्यात प्रदर्शित झाला. ताम्हाणे यांचाच ‘द डिसायपल’ व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि २०२१ साली थेट नेटफ्लिक्सवर गेला. कानमध्ये ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये आणि सनडान्समध्ये जागतिक कथापटांच्या विभागात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ मध्ये इथल्या पडद्यांवर आले ते राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडियामुळे. दग्गुबाती म्हणजे ‘बाहुबली’तला भल्लालदेव. दोन्ही प्रकारांत वैर असतंच असं नाही, याचा हा व्यवहारातला दाखला.

यातून समीक्षकांसाठी आणि वितरकांसाठी दोन वेगळी कामं निघतात. समीक्षकांनी सुपरहिरोपटाला त्याच्या गर्दीमुळे आणि कलात्मक चित्रपटाला त्याच्या रिकाम्या खुर्च्यांमुळे गुण देणं थांबवावं, आणि प्रेक्षकाच्या लक्षाच्या मोबदल्यात त्याला काय मिळालं, एवढंच विचारावं. वितरकांनी संध्याकाळचा एक खेळ महिनाभर तरी सलग अशा चित्रपटांसाठी राखून पाहावा, म्हणजे सवय लागायला अवधी मिळेल. स्कॉर्सेसी यांची बाजाराबद्दलची तक्रार खरी आहे आणि तिच्यावरचा उपाय वेळापत्रकात आहे. मार्व्हलच्या प्रेक्षकाला हिणवून तो साधणार नाही, कारण उद्या ‘साबर बोंडं’सारख्या चित्रपटाचं तिकीट काढेल तो बहुधा हाच प्रेक्षक असेल.